खेळून झालेला घोडा

कोल्हापूर,
रविवार, ता. १८ सप्टेंबर १९२१

चि. सुगरा हिस सिकंदरचा सलाम आणि दुवा. दिलदारभाईंना सलाम. भाची शमशादच्या डोक्यावरून माझ्या नावानं एकदा हात फिरव. हे पत्र तुला आकाराम मास्तर वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही नमस्कार. मास्तर, शाळेतून दमून आल्यावर तुम्ही आमच्या घरची पत्रं वाचता आणि उत्तरंही लिहिता, याची मला जाणीव आहे.

इकडे सर्व ठीक. ताबूत मंगळवारी थंडे झाले. दिवसभर पाऊस होता, तरी पंचगंगेवर माणसांची रीघ लागली होती. तुझ्या भाभीनं मोहरमचे गोड चोंगे केले आणि तुझी आठवण काढली. छापखाना दोन दिवस बंद होता, त्यामुळं आता दुप्पट काम आहे. अक्षरांचे बारीक खिळे जुळवताना मला हल्ली खिडकीपाशी बसावं लागतं. नजर पूर्वीची राहिली नाही.

तुझं पत्र पोचलं. शमशादला एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो, पोटात डाव्या अंगाला कठीण लागतं आणि मूल हसत नाही, असं तू लिहिलंस. मी इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा हिवताप आहे, आणि पोटात लागते ती तापानं वाढलेली पानथरी. कोयनेलच्या चोवीस गोळ्या वेगळ्या पुडक्यातून पाठवल्या आहेत. निम्मी गोळी गुळात दडवून सकाळी, निम्मी संध्याकाळी. ताप नसेल त्या दिवशीही द्यायची. कडू लागली म्हणून थुंकली तर पुन्हा द्यायची. यात हयगय नको. चार वर्षांच्या पोरीला एवढा ताप पेलत नाही.

आता तू विचारलंस ते.

गणपतराव सभेत लाकडी घोडा हातात धरतो हे खरं आहे. गूळ घेऊन आलेल्या गाडीवानांनी तुला सांगितलं की त्या घोड्याचा एक पाय आखूड आहे. तेही खरं. दोन वर्षांपूर्वी म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत त्यानं पहिल्यांदा तो घोडा वर धरला आणि तेव्हापासून त्याला घोडेवाला म्हणतात. आपल्या नेसरीत गुरं राखणारा गणू आज शाहूपुरीत गुळाची अडत चालवतो आणि शेतकऱ्यांचा पुढारी आहे. तो उभा राहिला की लोक आधी घोडा बघतात, मग त्याच्याकडं. तो म्हणतो, "माझ्या बापाकडं घोडा न्हवता. माझ्याकडं हुता." लोक हसतात. मग तो घोडा टेबलावर ठेवतो. घोडा एका बाजूला कलतो. तो म्हणतो, "ह्यो तीन पायांवर उभा हाय. जमीन एक, पाऊस एक, मनगट एक. चौथा आखूड हाय. त्यो शाळंचा." त्यानंतर त्याला फार बोलावं लागत नाही.

आता त्याच्या पत्रकांवर घोड्याचा ठसा असतो. विरोधक म्हणतात, मत घोड्याला द्या, पुढारी मागनं येईल. जोतिबाच्या जत्रेत आखूड पायाचे घोडे विकायला येतात. चारही पाय सारखे असलेला घोडा पोरं परत करतात, असं एका दुकानदारानं मला सांगितलं. तेव्हा आखूड पायाचे घोडे कोल्हापुरात आता पुष्कळ आहेत.

मास्तर गडहिंग्लजचे, त्यांना आपल्या घोड्याची हकिकत ठाऊक नसेल म्हणून लिहितो. नेसरीच्या माळावर एक पीर आहे. मूल आजारी पडलं की आई पिराला लाकडी घोड्याचा नवस बोलते. घोडा लगेच करून घ्यायचा, पण लगेच वाहायचा नाही. आधी मुलानं त्याच्याशी खेळायचं. मुलाचा खेळ संपला, ते दुसऱ्या गोष्टींना लागलं, की मग तो पिराच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा. कोरा घोडा पीर घेत नाही. सुगरा तीन वर्षांची असताना तापानं उठेनाशी झाली, तेव्हा अम्मानं असा घोडा बोलला आणि अब्बांनी तो आपल्या लाकूड कातायच्या खरादावर केला. सुगरा बरी झाली. घोडा वाहायचा मात्र राहून गेला. अब्बा गेले, सुगराचं लग्न झालं, घोडा कोनाड्यातच होता. अम्मा तीन वर्षांपूर्वी मानमोडीच्या साथीत गेली तेव्हा तो पिराकडं नेण्याचं काम माझ्यावर आलं. त्याबद्दल मी सुगराला त्याच वेळी कळवलं होतं.

तेव्हा यात नव्यानं विचारण्यासारखं काही नाही. तू शमशादकडं लक्ष दे. गोळ्या पोचल्या की कळव.

तुझा भाई,
सिकंदर


कोल्हापूर,
रविवार, ता. ९ ऑक्टोबर १९२१

चि. सुगरा हिस दुवा. दिलदारभाईंना सलाम. मास्तरांना नमस्कार.

मंगळवारी दसरा. वाड्यावरचे हत्ती रंगवायला काढले आहेत. भाभी शेजारच्या बायकांबरोबर जाऊन बघून आली. सोंडेवर वेल काढतात, तो यंदा हिरवा आहे, असं तिनं तुला कळवायला सांगितलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातलं "आपल्या लाडक्या पुढाऱ्यांच्या आगमनाने तालुका पावन होणार" हे वाक्य तुझं नव्हे, मास्तरांचं. बाकीचं तुझं आहे.

गोळ्या चार दिवस दिल्यास, ताप उतरला आणि तू गोळ्या बंद केल्यास. मग ताप पुन्हा आला. असं होतं हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि मी तुला नीट लिहिलं नाही. आणखी चाळीस पाठवतो. सगळ्या संपवायच्या.

तू लिहितेस की मोहरमनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी तू नेसरीला जाऊन शमशादसाठी घोडा बोललीस. दिलदारभाईंनी अब्बांच्याच खरादावर तो केला. शमशाद त्याच्याकडं बघत नाही. उशाशी ठेवला तर तोंड फिरवते. तिचा हात धरून तू घोड्यावर ठेवलास, तर तिनं तो काढून घेतला. आणि तू नवस बोलण्याआधी मुजावरांनी तुला विचारलं, "पयला नवस फिटलाय न्हवं? घरात एक राहिला आसंल तर पीर दुसरा ऐकत न्हाय." तू म्हणालीस, फिटलाय, माझ्या भावानं स्वतःच्या हातानं वाहिलाय. तू ओट्याच्या मागंही बघून आलीस. घोडा दिसला नाही. मुजावर म्हणाले, जुने घोडे उरुसाच्या खिचड्याला चुलीत जातात. तुझं समाधान झालं. तरी तू मला म्हणतेस, "भाई, एकदा तू लिहून दे, म्हणजे जिवाला बरं वाटंल."

हे पत्र मी काल सुरू केलं होतं. इथं थांबलो. आज पुन्हा हातात घेतलं.

तू नवस बोलण्याआधी मला विचारायला हवं होतंस. हे रागानं लिहीत नाही. बोलण्यात वाईट काही नाही, पण ताप औषधानं जातो, आणि औषध तुझ्या घरात आहे.

गणपतरावच्या घोड्याबद्दल तू पुन्हा विचारलंस. तो अब्बांच्या खरादावरचाच असावा. गणू लहानपणी दिवसभर आपल्याकडं असायचा. चार माणसांसमोर त्याचे हात थरथरायचे, पंतोजींनी पुढं बोलावलं की हातातली पेन्सिल गळून पडायची. पोरं त्याला पिंपळपान म्हणायची. ते तुझ्या कानावर असेलच. अब्बांच्या कामाजवळ बसला की मात्र तो निवांत असायचा. अब्बांनी त्याच्यासाठीही एखादा घोडा केला असेल. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी काय काय केलं, ते आता कोण सांगणार.

तो त्या घोड्याला फार जपतो हे मात्र खरं. अडतीवर काचेच्या कपाटात ठेवतो, आठवड्याला स्वतः खोबरेल तेलाचं बोट फिरवतो, नोकराला हात लावू देत नाही. मागच्या महिन्यात कागलकडच्या एका गावात सभा होती. बयाबाई नावाची एक म्हातारी गर्दीतून पुढं आली आणि तिनं घोड्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. गणपतराव वाकला आणि त्यानं म्हातारीच्या पायांना हात लावला. साप्ताहिकात ते सगळं छापून आलं. नंतर घोडा पेटीत ठेवताना मी पुसला, पण मानेच्या खोबणीत कुंकू राहिलं ते निघेना.

गडहिंग्लजची शेतकरी परिषद शनिवार, ५ नोव्हेंबरला ठरली. गणपतराव अध्यक्ष आहे. मास्तर स्वागत मंडळावर आहेत हे वाचून आनंद झाला. अध्यक्षांचं भाषण छापायचं काम आमच्याकडं आहे. मला तिकडं यायला जमेलसं दिसत नाही. तूही त्या गर्दीत जाऊ नकोस. आजारी मूल घरात टाकून सभेला जाण्यात काही अर्थ नाही.

लिहून देण्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आज एवढंच.

तुझा भाई,
सिकंदर


कोल्हापूर,
रविवार, ता. ३० ऑक्टोबर १९२१

सुगरा,

दिवाळीमुळं छापखाना बंद आहे. तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. एकच ओळ आहे. घोडा आपला आहे की नाही तेवढं कळवावं, दुसरं काही लिहू नये. या वेळी मास्तरांनी स्वतःचं काही घातलेलं नाही.

घोडा आपला आहे.

दुसरं काही लिहू नये असं तू म्हणतेस, तरी लिहितो. मास्तर, तुम्ही स्वागत मंडळावर आहात आणि पुढचं वाचणं तुम्हाला जड जाईल. एकही ओळ गाळू नका. आवाजही खाली आणू नका. तिच्याकडं हे पत्र वाचणारं दुसरं कुणी नाही.

मागच्या पत्रात मी कुंकवाचं लिहून गेलो. दुसऱ्याचा घोडा मी कशाला पुसीन, हे तू तिथंच ओळखलं असणार. अब्बांनी दोन घोडे केले नव्हते. घोडा एकच होता. त्याचे तीन पाय पाळण्याच्या उरलेल्या दांड्यांचे आहेत. लाकूड संपलं म्हणून चौथा मोडक्या लाटण्याचा बसवला आणि तो आखूड पडला. अम्मानं दुसरा बसवायला सांगितलं, तेव्हा अब्बा म्हणाले, "पिराला पळायचंय कुठं?" तो पाय मी अंधारात हात लावून ओळखीन.

अम्माला दफन केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी घोडा घेऊन माळावर गेलो. तू गडहिंग्लजला स्वतः तापात होतीस. वाटेवर माणूस नव्हतं. मुजावरांचं घर बंद होतं. त्यांच्याकडूनही त्या आठवड्यात दोन जनाजे निघाले होते. मी घोडा ओट्यावर ठेवला आणि लिंबाखाली बसलो. ओट्यावर आणखी सात-आठ घोडे होते, दोन-तीन घोड्यांना वाळवी लागलेली. थोड्या वेळानं उठलो आणि आपला घोडा पुन्हा पिशवीत घातला.

का घातला याची मी नंतर बरीच कारणं शोधली. अब्बांच्या हातची एवढीच वस्तू माझ्या वाट्याला येण्यासारखी होती. ओट्यावर ती वाळवी खाणार होती. तू बरी होऊन तेवीस वर्षं झाली होती, पिराला आता काय फरक पडणार होता. त्या दुपारी यातलं काही मनात नव्हतं. घोडा हवासा वाटला. तुला लिहिलं की घोडा पिराकडं नेला. नेला होता, म्हणून ते लिहिताना हात अडला नाही. तू त्याचा अर्थ वाहिला असा घेतलास, आणि तू तोच घेशील हे मला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी निवडणुकीच्या पहिल्या सभेच्या दिवशी गणपतराव माझ्या खोलीवर आला. भाषण मी लिहून दिलं होतं, त्याला ते पाठ होतं. पण तांब्या दोन्ही हातांनी धरूनही पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडत होतं. मला म्हणाला, "शिकंदर, लोक माझं ऐकायचे न्हाईत. हात बघत बसतील." मग त्याला कोनाड्यातला घोडा दिसला. त्यानं तो उचलला, अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवला, आणि हात थांबले. मी समोर बसलो होतो. त्याला वाटलं, अम्मानं तो तसाच ठेवून दिला असेल. नवस राहिला आहे हे मी सांगितलं नाही. कागद पुढं ओढला आणि भाषणाची सुरुवात बदलून दिली. बापाकडं घोडा नव्हता, ती ओळ माझी आहे. तीन पाय आणि चौथा शाळेचा, तेही माझं.

सभेत मी मागच्या रांगेत होतो. गणपतराव पहिलं वाक्य बोलला. माझ्या शेजारी एक तेली बसला होता, त्यानं ते वळून मागच्या माणसाला सांगितलं. त्या माणसानं आणखी कुणाला. सुगरा, अठरा वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं खिळ्याखिळ्यानं जुळवली होती. माझं वाक्य कुणी कुणाला सांगताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते मला पुन्हा ऐकायचं होतं. घोडा त्याच्याकडं दोन वर्षं राहिला तो एवढ्यासाठी. त्याला लागत होता म्हणून राहिला, असं मी आजवर धरून चाललो होतो. त्याच्या हातांपेक्षा तो मला जास्त लागत होता.

तुझं कार्ड मिळाल्यावर मी तसाच अडतीवर गेलो. गणपतराव ढेपांच्या मधे बसून पाहुण्यांशी बोलत होता. मला बघून म्हणाला, "काय रं, आज वाट चुकलास? गूळ पायजे का भाषण?" माणसं हसली. ती जाईपर्यंत मी थांबलो, मग म्हणालो, घोडा परत पाहिजे.

तो म्हणाला, परिषद झाल्यावर ने. मी त्याला सगळं सांगितलं. नवस राहिल्याचं, मी उचलून आणल्याचं, तू मुजावरांना दिलेल्या जबाबाचं, शमशादचं. सांगून झाल्यावर म्हणाला, पिराला आपण चांदीचा घोडा करून वाहू. मी म्हणालो, कोरा घोडा चालत नाही. त्यावर म्हणाला, मग हाच घोडा मी वाहतो. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून नेसरीला जाऊ, बैलगाड्या काढू, वाद्यं लावू. शेतकऱ्यांचा पुढारी आपला घोडा पिराला वाहतोय हे तालुका बघेल. जाहीर पत्रक तू काढ.

तो थट्टा करत नव्हता. त्याला ते मनापासून पटलं होतं. आणि हेही सांगतो की पत्रकाची पहिली ओळ माझ्या डोक्यात तिथल्या तिथं तयार झाली. चांगली ओळ होती. ती इथं लिहीत नाही.

मी म्हणालो, "नवस तुझा नव्हे. सुगराचा आहे."

तो म्हणाला, "पर खेळलं कोण? ती तर पडून हुती. मान बी उचलत न्हवती. तुझी आई मला दारातनं हाक मारायची, गणू, ये बाबा, घोड्यावर जरा हात फिरव. पोरीनं हात लावला न्हाय तर पीर घ्यायचा न्हाय म्हणून रडायची. दोन म्हैनं मी रोज तुमच्या वट्यावर त्यो घोडा खेळवलाय. सुगरा उठून बसली तवा त्यो माझ्या हातात हुता. आता तूच सांग, पीर कुणाच्या हाताचा घोडा घेणार हुता?"

तो म्हणाला ते खरं आहे. मी नऊ वर्षांचा होतो, मला ते दिसत होतं. अम्मानं पुढं ते कुणाला सांगितलं नाही, आणि तुला तर नाहीच. लोकांसमोर तो घोड्याला माझा म्हणतो, ते मी शिकवलेलं खोटं आहे असं मी दोन वर्षं समजत होतो. त्यात त्याचं स्वतःचं किती आहे ते मी कधी विचारलंच नाही.

मग त्यानं विचारलं, "पोरीला लई ताप हाय?" मी हो म्हणालो. तो उठला, कपाट उघडलं आणि घोडा माझ्यापुढं ठेवला. "घिऊन जा." मी पिशवीत घातला. उंबऱ्यापाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाला, "शनवारी माझ्या हातात काय देतूस, त्ये तेवढं सांगून जा." आवाजात राग नव्हता. हात समोरच्या ढेपेवर पसरून तो त्या हातांकडं बघत बसला होता. मी बाहेर पडलो.

घोडा आता माझ्याजवळ आहे.

काल छापखान्याच्या मालकांनी अध्यक्षांच्या भाषणाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पुढं काय होईल ते मला सांगता येत नाही. गणपतरावच्या मंडळींनी बाजारातून आखूड पायाचा एक घोडा आणून ठेवला आहे. लांबून फरक दिसणार नाही. त्याच्या हाताला कळेल. मास्तर, शनिवारी तो अडखळला तर कुणाला हसू देऊ नका. तुमच्याकडं माझं दुसरं मागणं नाही.

सुगरा, मुजावरांना तू जे सांगितलंस ते माझ्या शब्दावर सांगितलंस. खोटं माझं आहे. त्यांच्या दारात जाऊन ते मी सांगेन.

शमशाद घोड्याकडं बघत नाही म्हणून तू घाबरली आहेस. तूही बघितलं नव्हतंस. अम्मा तुझा हात धरून त्याच्यावर ठेवायची आणि तू तो काढून घ्यायचीस. मग अम्मानं दुसऱ्याचं मूल बोलावलं. तुझ्या गल्लीत पोरं आहेत. त्यांतल्या एखाद्याला दिलदारभाईंचा घोडा दे आणि शमशादच्या अंथरुणाजवळ खेळू दे. एवढं मला ठाऊक होतं. ते तरी मी मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. पण ते लिहिलं असतं तर खेळणाऱ्या मुलाचं नाव सांगावं लागलं असतं.

मी नवस मानत नाही. ते तुला माहीत आहे, मी पुष्कळदा तुला ते ऐकवलं आहे. तू मानतेस. मी खोटं बोललो ते पिराशी नव्हे, तुझ्याशी. शमशादचा ताप राहिला आणि तुला वाटलं की तो माझ्यामुळं राहिला, तर मला त्यावर काही म्हणता येणार नाही. कोयनेल चालू ठेव. गोळ्यांनी ताप जातो हे मी खरं सांगतो आहे, आणि आता माझ्या सांगण्यावर तू विश्वास का ठेवावास हा प्रश्न आहे. म्हणून मास्तरांना विनंती, त्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारून तिला सांगावं.

गुरुवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं निघतो. दुपारी गडहिंग्लजला पोचेन. घोडा ओट्यावर मी ठेवणार नाही. एकदा ठेवून उचलला आहे. तू ने, किंवा दिलदारभाईंना न्यायला सांग.

हे मला समोर बसून सांगता आलं असतं. पण मग तू लगेच काहीतरी बोलली असतीस, आणि मी दारात उभा आहे एवढ्यासाठी मला माफ करून टाकलं असतंस. म्हणून पत्र आधी पाठवतो आहे. ते मंगळवारी मिळेल. गुरुवारपर्यंत तुला कुणाला काही बोलावं लागणार नाही. दिलदारभाई मोटारीपाशी आले तर घरी येईन. नाही आले तर घोडा मास्तरांच्या हाती देईन आणि त्याच मोटारीनं परत फिरेन. दिलदारभाईंना त्याबद्दल दोष देऊ नकोस. ते तुझ्या शब्दाबाहेर नाहीत.

मास्तर, वाचून झालं. आता पत्र तिच्या हातात द्या आणि तिला काही विचारू नका.

सिकंदर बादशहा खरादी